कुंकू लागलेली इंग्लिश कॅसेट

पैसा साठवायला अक्कल लागते, किस्से आपोआप साठतात. माझे, संज्याचे आणि दिलप्याचे तर एकाच कॅसेटभोवती ढीगभर साठलेत!

ही कॅसेट संज्याच्या मावसभावाने पुण्याहून आणली होती. चार झिपऱ्या गोऱ्या पोरांचा रॉक बँड, मोठी कंपनी नाही, काही नाही. नव्वदच्या दशकात आमच्या पिपरी मेघे गावात ते संगीत ऐकणारे आम्ही तिघंच, आणि जाम खूश होतो.

मग सीडी आल्या. माझा टू-इन-वन भंगारात गेला. परवा कळलं, नागपूरचे एक हौशी गृहस्थ जुन्या कॅसेटी विकत घेतात. ते रविवारी संध्याकाळी येणार म्हणाले आणि हे दोघं दुपारीच हजर! दिलप्याच्या काखेत त्याचा जुना टेप. "इकून टाक, पण पहिले एकदा पुरी ऐकू."

मी घाईघाईने चहाचा विषय काढला. कारण बी साइडच्या शेवटी कोऱ्या टेपवर माझा आवाज होता! बीएस्सीला असताना गल्लीतल्या वर्षासाठी मी दोन वाक्यं भरली होती. कॅसेट रात्रभर टेपमध्येच राहिली, सकाळी तिला ऐकायला दिली. चार दिवसांनी तिने "छान आहे" म्हणून परत केली. बस्स! पुढे मी ती साइड कधीच शेवटपर्यंत जाऊ दिली नाही. आता वर्षा माझ्या बायकोच्याच शाळेत शिकवते. दर संक्रांतीला वाण घ्यायला येते, आणि मी मागच्या दाराने पसार होतो.

*

दिलप्याने कव्हर हातात घेतलं. "कुंकू अजून हाय बे!"

आमच्याकडे नवी गाडी घेतली की आधी केळझरच्या गणपतीला नेतात. "कॅसेट बी नवीनच हाय ना," असं म्हणून दिलप्याने आम्हाला स्कूटरवर ट्रिपल सीट नेलं होतं. पुजारीबुवांनी कव्हर निरखलं आणि गायकाच्या बरोबर कपाळावर कुंकू लावलं.

"गोत्र?" त्यांनी विचारलं.

दिलप्या हात जोडून म्हणाला, "माह्यंच घ्या महाराज, थे बी आपलेच लोक हायेत!"

*

ए साइड सुरू झाली. पहिलं गाणं गिटारच्या लांबलचक घुंईंईं आवाजाने उघडतं. संज्या तिथेच हसायला लागला.

त्याच्या बहिणीच्या लग्नात, रोहणा गावी, त्याने हौसेने हेच गाणं लाउडस्पीकरवर लावलं होतं. घुंईंईं ऐकताच मंडपवाला ओरडत धावला, "वायर जळून राह्यली, दूर व्हा!" जनरेटर बंद. पंगत ताटावरून उठली. संज्याचे मामा पाण्याची बादली घेऊन उभे!

"मामा, गाणं हाय थे!" संज्या कळवळून म्हणाला.

"गाणं असंन, त मंग सुरू काऊन नाई होऊन राह्यलं?"

*

तिसऱ्या गाण्यात गायक अचानक रेड्यासारखा हंबरतो. तो दोष त्याचा नाही, आमच्या मे महिन्याचा आहे. कॅसेट स्कूटरच्या डिकीत राहिली आणि टेप सैल पडली. दिलप्याने उपाय म्हणून ती आमच्या फ्रिजमध्ये ठेवली, नेमकी लोणच्याच्या बरणीला टेकवून.

आईने दार उघडलं, विचारपूस केली, आणि दिलप्याला झापलं, "घसा बसलेल्याले लोणच्यापाशी ठेवते काय बे?"

*

बी साइड लागली. गाणी अजूनही तितकीच आवडली, खोटं कशाला बोलू! पण मी टेपच्या बटणाजवळ सरकून बसलो होतो. शेवटचं गाणं संपलं. नुसती खरखर. माझा हात बटणाकडे गेला, तो दिलप्याने धरला. "थांब ना, पुरी ऐकू."

खट्.

मग आवाज आला. माझा नव्हता! खाकरून, अगदी शिस्तीत, माझे बाबा बोलत होते.

"वर्षा बेटा, मी काका बोलून राह्यलो. कॅसेट ऐकून झाली की लवकर वापस करजो. तुह्या बाबाले नमस्कार सांगजो. आन् अभ्यास करजो."

खट्. पुन्हा खरखर.

माझी दोन वाक्यं कुठेच नव्हती. म्हणजे वर्षाने त्यातलं काहीच ऐकलं नव्हतं! मी इतकी वर्षं उगाचच मागच्या दाराने पळत होतो. हुश्श! छातीवरचा धोंडा उतरल्यागत मी मागे रेललो. संज्या आणि दिलप्या पोट धरून लोळत होते.

बाहेर ओसरीवर बाबा पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं आणि मान वर न करता विचारलं,

"आत्ता ऐकली काय बे?"