पातूरच्या पोरीला दिलेल्या चार गोळ्या

पुतणीच्या बाटलीत बारा गोळ्या उरायला हव्या होत्या. अमरावतीच्या दवाखान्यातल्या नर्सनं त्या दोनदा मोजल्या. आठ निघाल्या.

"कुठे गेल्या ते उद्या डॉक्टरांना सांगा. तोवर नवी बाटली देता येत नाही."

पुतणी आठ वर्षांची, रक्ताचा कॅन्सर. तिच्या पेशींत एक ठरावीक दोष सापडला होता. नेमक्या त्या दोषावर चालणारं नवं औषध काही मुलांवर तपासलं जात होतं, त्यांत ती होती. आधीची औषधं लागू पडली नव्हती. चाचणीतून नाव गेलं तर देण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

भाऊ-भावजय अकोल्याहून आले की माझ्याकडे उतरत. घरी पोहोचल्यावर भावजयीनं स्वतःच सांगितलं. मागच्या खेपेला वॉर्डात शेजारच्या खाटेवर त्याच आजाराची, पातूरची एक मुलगी होती. तिच्यात तो दोष नव्हता, म्हणून तिला चाचणीत घेतलं नव्हतं. चार गोळ्या तिच्या आईला दिल्या होत्या.

"काहून देल्ल्या?" भावानं विचारलं.

"थे पोर तापानं फणफणून राह्यली होती. मले पाहवलं नाही. तापाची गोळी आपन शेजारी देतोच ना?"

भावानं थापड मारली. दुसऱ्या थापडेला तिचं डोकं कपाटाच्या कडीवर आदळलं आणि भुवई फाटली. मी त्याचा हात धरला. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, एक दात हलला. मी त्याला पाडलं आणि छातीवर गुडघा रोवला.

"पोरीले मारलं इनं! माह्या पोरीले!" तो खालून ओरडत होता. पुतणी दिवाणावर बसून होती. कान दाबलेले, डोळे उघडे.

सुटल्यावर त्यानं औषधाची डायरी माझ्यापुढे फेकली. रोजची गोळी, ताप, उलटी त्यात लिहावी लागे.

"दादा, तू पेपरवाला. लिही, नालीत पडल्या म्हनून. तुले जमते."

मी पेन उचललं. भावजयीनं एका हातानं भुवईवर पदर दाबून दुसऱ्या हातानं डायरी ओढून घेतली.

"भाऊजी, त्या पोरीनं खाल्ल्या असतीन तं? तिच्या डॉक्टरले कसं कळन?"

सकाळी तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आधी पातूरला फोन लावला. दोन गोळ्या पोटात गेल्या होत्या. मुलीला त्याच दिवशी भरती करायला सांगितलं. मग नियम मोडल्याची नोंद झाली. पुतणीला चाचणीत ठेवायचं की नाही हे दवाखान्याची समिती ठरवणार होती; तो निर्णय येईपर्यंत तिला एका आठवड्याच्या गोळ्या मिळाल्या.

बाटली भावानं घेतली. घरी त्यानं गोळी पुढे केली तेव्हा पुतणीनं ओठ मिटले. त्यानं तिचा जबडा धरला, बोटं रुतेपर्यंत दाबला. ओठ उघडले नाहीत. तिनं डोळे भावजयीकडे वळवले. भावानं हात काढला आणि गोळी बायकोच्या तळहातावर ठेवली.