दगड आहे म्हणे

आणे पठारावर आमचं नवं घर झालं, तेव्हा स्वयंपाकघराचं सिंक आणायला नवरा एकटाच नारायणगावला गेला. भांडी मी घासते, पण मला विचारावंसं त्याला वाटलं नाही. काळंकुळकुळीत ग्रॅनाइटचं सिंक घेऊन आला. "दगड हाय. जन्मात काय व्हनार न्हाई," म्हणाला.

आमच्या बोअरच्या पाण्याने तांब्यावरसुद्धा पांढरा थर चढतो, हे त्याला माहीत नव्हतं का? काळ्यावर तर तो लांबून दिसतो. राखाडी घेतलं असतं तर निदान लपला असता. शिवाय तो दगड नव्हताच. दगडाचा चुरा रसायनात कालवून साच्यात ओतलेली वस्तू ती. म्हणून मी तारेची घासणी फेकून दिली. रोज भांडी झाली की मऊ फडक्याने सिंक कोरडं करायचे, पांढरा थर व्हिनेगरने काढायचे.

एका सकाळी चाऱ्याला निघताना त्याने त्याच सिंकच्या कडेवर विळ्याला धार लावली, जुन्या मोरीच्या दगडावर लावायचा तशी. कडेचा टवका उडाला.

पुढच्या आठवड्यात पाव्हणे आले. तो टवका दाखवत हा म्हणतो, "बायकांना चांगली वस्तू वापरता येत न्हाई, राव."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला, गोठ्यातून विळा आणला आणि सगळ्यांदेखत त्याच्या हातात दिला.

"दगड हाय ना? लावा धार."