सौंसरमधला एन

संत्रं सोललं की बोटांना राहणारा वास मला आमच्या संत्र्यांच्या ऑनलाइन दुकानाच्या पहिल्या बहाराकडे नेतो. सौंसरच्या शेडमध्ये वहिनींनी पेट्या भरून ठेवल्या होत्या, पण गिऱ्हाइकाने ऑर्डर पक्की करायच्या आमच्या मेलला 'हो' म्हटल्याशिवाय पेटी निघायची नव्हती, आणि तीन दिवस कोणाचंच उत्तर नव्हतं. खालच्या पेट्यांतून आंबूस वास यायला लागला. "भाऊजी, पुण्याची बाई फोनवर म्हणून राहिली का मेल आलाच नाही. तुम्ही पाठवून राहिले का नुसतं पाहून राहिले?" वहिनी म्हणाल्या. मी चौथ्यांदा पासवर्ड तपासत होतो. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "दुकानाच्या नावात सौंसरमधी एन हाय, अन् इथं नाही." आमच्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग कोणी एन घालून लिहितं, कोणी गाळून. दुकान मी एन घालून नोंदवलं होतं आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात तो सवयीने गाळला होता. दुकानाच्या नावाशी न जुळणाऱ्या पत्त्यावरून गेलेले ते मेल सगळे स्पॅममध्ये पडले होते. एन घालून मेल पुन्हा पाठवले, आणि पहिला 'हो' तासाभरात आला. आता मेल आपोआप जातात, तरी प्रत्येक मेलमागे मी फोन करून विचारतोच, मिळाला का.