रडण्याला उत्तर

मुलगा पुण्याला गेल्यापासून आर्णीच्या घरात मी एकटी राहते. घरात आवाज म्हणजे फ्रिजचा आणि टीव्हीचा. टीव्ही मला आवडत नाही, तो आपलंच बोलतो. म्हणून वाचनालयात दर महिन्याला बाहेरचा पाहुणा बोलायला येतो, तिथे जाऊन बसते. मी चौथीपर्यंत शिकले, अर्धंच कळतं. एकदा सामाजिक न्यायावर एक वकील बोलले, ते पटलं. एकदा खुर्च्यांचं डिझाइन करणारा तरुण आला. बसणाऱ्याची पाठ आधी पाहावी लागते, म्हणाला. आम्ही पत्र्याच्या खुर्च्यांवर बसून ते ऐकलं. खरं सांगायचं तर भाषणापेक्षा बाजूला माणूस बसलेला असतो, ते बरं वाटतं.

गेल्या थंडीत जगातल्या संस्कृतींवर बोलायला नागपूरच्या एक प्राध्यापक बाई आल्या. मयताला गाऊन रडणाऱ्या परदेशातल्या बायका त्यांनी पडद्यावर दाखवल्या. असं रडणं आता थोड्याच ठिकाणी उरलंय, म्हणाल्या.

मी बसल्या जागेवरून बोलले, "आमच्या तांड्यात लग्नालेही रडतात."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला पुढे बोलावलं.

मी सांगितलं. आम्हा बंजाऱ्यांत नवरी सासरी निघाली की एकेकीच्या गळ्यात पडून गाऊन रडते. त्याला ढावलो म्हणतात. पुढेही दोघी खूप दिवसांनी भेटल्या तर तशाच रडायच्या. एकीने आपलं दुःख गायचं, दुसरीने गाऊनच उत्तर द्यायचं. मग पाणी प्यायचं आणि कामाला लागायचं.

"आजी, थोडं करून दाखवता?"

"एकटीनं नाही होत. कोणाच्या गळ्यात पडू?"

बाई स्वतःच पुढे आल्या. त्यांच्या साडीला सेंटचा वास होता. मी गळ्यात हात टाकला आणि लग्नातलं न गाता आजचंच गायले. याडी, म्हणजे आई, तू गेलीस, मालक गेला, लेक लांब गेला, घरात मला हाक मारणारं कोणी नाही. आवाज फाटला, पण चाल विसरले नव्हते. मग थांबले, उत्तरासाठी. बाई खांबासारख्या उभ्या होत्या. त्यांना उत्तर येणार कुठून? तेवढ्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वाईट कोणाच्या मनात नव्हतं. पण त्या रात्री मला भाकर गेली नाही.

उत्तर देऊ शकेल अशी एकच जिवंत आहे, माझी नणंद. दुसऱ्या दिवशी एसटीने तिच्या तांड्यावर गेले. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"आता याद आली का माही? मले वाटलं, मेली तू."

"मरीन त तुले सांगूनच मरीन."

मी सरळ तिच्या गळ्यात हात टाकला. तिने तो काढला.

"गप वं! सुना हासतात. पोट्टे मोबाइलमंधी काढतात अन् गावभर दाखवतात."

सुनेने फ्रिजमधलं पाणी आणून दिलं. न रडताच पाणी प्यायले. मग दोघींनी शेंगा सोलल्या, गुडघ्यांविषयी बोललो. मी उठले.

ती फाट्यापर्यंत सोडायला आली. बस आली. मी पायरीवर पाय ठेवला, तर तिने मागून पदर ओढला, गळ्यात पडली आणि सुरू झाली. भावजय, घर भरलेलं आहे, पण आपल्या बोलीत माझ्याशी बोलणारं कोणी नाही. तू आर्णीला गेलीस आणि मागे वळून पाहिलं नाहीस. माझा भाऊ तुझ्या हाती दिला होता, त्याच्या शेवटाला मला उशिरा बोलावलंस.

कंडक्टर ओरडला, "आजी, कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. मीच जाऊन राह्यली आर्णीले."

"मंग चढा नं! इथंच बसल्या रडत त मुक्काम इथंच पडंन."

बसमधले लोक हसले. मी चढले. ती पदराने नाक पुसत मागे राहिली. तिचं गाऊन झालं होतं. उत्तर माझं होतं, आणि बस सुटली.

काल वाचनालयातून फोन आला. नव्या पाहुण्यासमोर तेवढं पुन्हा करून दाखवाल का, म्हणाले. मी नाही म्हटलं. मला आधी तांड्यावर जायचं आहे.