एका कानानं दिलेलं ‘व्हय’

एका वेळी चार कामं करते म्हणून मी सासरी फार तोरा मिरवायचे. त्या रविवारी सकाळी साताऱ्याच्या घरी सहावीच्या उत्तरपत्रिका तपासत होते आणि स्पीकरवर दादाचा फोन चालू होता. माझा हा थोरला भाऊ फौजेतून निवृत्त होऊन रहिमतपूरला आमचा ऊस बघतो. विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीत सिमकार्ड आहे. त्या नंबरला फोन लावला की मोटर चालू, पुन्हा लावला की बंद. दादाचे हात चिखलात असतात, म्हणून दहाला लाईट आली की मोटर लावायचं काम मीच हौसेनं अंगावर घेतलं होतं.

तो बोलत होता, मी गुणांची बेरीज करत होते.

“ऐकतीस न्हवं?”

“व्हय.” सदतीस आणि सहा त्रेचाळीस.

“ध्यानात ऱ्हाईल?”

“व्हय रं दादा.”

दहा वाजले. एका हातात लाल पेन, दुसऱ्या हातानं मोटरीचा नंबर लावला.

थोड्या वेळानं समोर वर्तमानपत्र वाचत बसलेले माझे यजमान म्हणाले, “दादा आला का गं विहिरीतून वर?”

“विहिरीत कशाला?”

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “अगं, तारेचा जोड उघडा पडलाय, खाली उतरून बांधतो, मी सांगेपर्यंत मोटर लावू नको, असं दोनदा म्हणाला तो. तू व्हय म्हणालीस.”

पेन टाकून मी फोन हातात घेतला. मला माझं ‘व्हय’ आठवलं, दादाच्या बोलण्यातलं एक अक्षर आठवेना. बेरजा मात्र सगळ्या आठवत होत्या. बंद करायला तोच नंबर लावायचा. पण लाईट उशिरा आली असेल, मघाशी मोटर लागलीच नसेल, तर? मग आता मीच ती चालू करणार. भीतीनं बोट पुढे जाईना.

दादाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पाण्यात उभा दादा आणि त्याच्या हातात उघडी तार, एवढंच मला दिसत होतं. औंधच्या यमाईला मी काय काय कबूल केलं, ते तिलाच ठाऊक. यजमान गाडीची किल्ली शोधायला धावले.

सातव्यांदा त्यानं उचलला. “काय गं, लय फोन?”

“दादा, मी मोटर लावली...”

“लावशीलच की. म्हणून फ्यूज काढून खिशात घालूनच उतरलो. तुझं व्हय मला ल्हानपणापास्नं म्हाईत हाय.”

तो हसत होता. मी फोन कानाला धरून ओक्साबोक्शी रडले. त्यानं माझ्यावर भरवसा ठेवला नाही, म्हणून माझा भाऊ वाचला.