प्लसकडं सरकत गेलेली चकती

मोबाईलमधी चांगला कॅमेरा असताना हे वेगळं डबडं कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आमच्या मास्तरांनी ते कानाआड केलं. मास्तर म्हणजे माझे मालक. मुरुमच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून मीपण म्हणते. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, शेताकडं चकरा मारतात. ह्यांनी साबणाच्या वडीएवढा कॅमेरा आणला आणि त्याच्यासोबत आलेलं पुस्तक परीक्षेला बसल्यासारखं वाचत बसले. जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसला.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर दोन चकत्या. एकीवर अक्षरं आणि बारकी बारकी चित्रं. त्यातलं एक बर्फाचं, एक समुद्राचं. मी म्हणलं, आवो, इथं उन्हाळ्यात प्यायला टँकरची वाट बघावी लागते, आन तुम्ही समुद्र लावा. त्यांना हसू आलं. मग मला समोर बसवून त्यांनी वर्गच घेतला. हिरवं चिन्ह लावलं की सगळं कॅमेराच ठरवतो, ते माझ्यासाठी. पी लावलं की बरंचसं तो बघतो, थोडं आपण. ए लावलं की भिंगाचं तोंड किती उघडायचं ते आपण सांगायचं, बाकीचं त्याच्याकडं. एस लावलं की उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा ते आपण सांगायचं. पोळ्याला बैल पळतात, लेकरं उड्या मारतात, तेव्हा ते कामाला येतं. आणि एम म्हणजे दोन्ही आपल्या हातात. तोंड मोठं उघडायचं आन लई वेळ उघडं ठेवायचं, ते तुला शिकवायची गरज न्हाय, असं वर म्हणाले. मी पाण्याचा तांब्या आदळून उठले, पण उठता उठता हसलेच.

दुसऱ्या चकतीवर नुसते आकडे. मधे शून्य, एका अंगाला प्लस, दुसऱ्या अंगाला मायनस, दोन्हीकडं तीनपर्यंत. ती मला स्वयंपाकघरातच समजली. परातीत ज्वारीचं पीठ होतं. त्यांनी त्याचा फोटो काढला तर पीठ राखेसारखं मळकट आलं. म्हणाले, ह्या यंत्राला सगळं जग राखाडी वाटतं. पांढरं दिसलं की ते घाबरून काळं करतं, काळं दिसलं की उजळ करतं. म्हणून पिठाला एक प्लस द्यायचा, म्हशीला एक मायनस. चकती प्लसवर नेली आणि पीठ पिठासारखं झालं. चित्र कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवरच दिसायचं, चकती फिरवली की तिथल्या तिथं उजळायचं नाहीतर काळवंडायचं. माणसानं आपल्या डोळ्यानं बघायचं आणि बरोबर वाटलं की थांबायचं. मला ते पटलं.

मग काय, गल्लीत बारसं असो, डोहाळेजेवण असो, वास्तुशांत असो, मास्तर खिशात कॅमेरा घालून हजर. पैसा कुणाकडून घेतला नाही. फोटो उमरग्याहून धुऊन आणून घरोघर वाटायचे. ते हिंडत होते, माणसांत होते, मला आणखी काय पाहिजे होतं.

त्यांना कमी दिसतंय हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. संध्याकाळी उंबऱ्याला अडखळायचे. ताटातली चटणी कुठल्या बाजूला आहे ते विचारायचे. ह्या वयात दुसरं काय असणार, मोतीबिंदू. आणि मोतीबिंदूचं आमच्याकडं एक ठरलेलं आहे: तो पिकू द्यायचा. कच्चा काढला तर डोळा जातो. माझ्या दिरानं तेच सांगितलं, नणंदेनं तेच, देवळाच्या पारावर बसणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांनी तेच. खुद्द सासऱ्यांनी पुरा पिकेपर्यंत थांबून, मग थंडीच्या दिवसांत डोळा करून घेतला होता, आणि त्यानंतर ते सुईत दोरा ओवायचे. ते मी माझ्या डोळ्यानं बघितलेलं. मग न मानायला काय कारण? थंडी आली की मी विचारायची, पिकला का हो? ते म्हणायचे, अजून थोडं दिसतंय, पुढच्या साली बघू.

अशाच एका चैत्रात आम्ही येरमाळ्याला गेलो. येडेश्वरी आमचं कुलदैवत. यात्रेत चुन्याच्या रानात माणसं खडे वेचतात, आम्हीही वेचले. मास्तरांनी सगळ्यांचे फोटो काढले. आले ते सगळे पांढरेफटक. नणंदेच्या कपाळावरचा मळवट दिसेना, तोंडं ओळखू येईनात. मास्तर म्हणाले, चुन्याचं रान, वरून ऊन, यंत्र घाबरू नये म्हणून प्लस दिला होता, जरा जास्त झाला. पिठाचा धडा मला आठवला आणि मी ते खरं धरलं.

पण पुढं भाचीचं डोहाळेजेवण झालं. हिरवी साडी, हिरवा चुडा, घरातला उजेड बेताचा. तिथं कुठला चुना? तरी फोटो पांढरे. साडी पोपटीहूनही फिकी पडली, पोरीचं नाक आहे का नाही कळेना. नणंद तोंडावर बोलली नाही, पण माघारी म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं, दादाचा हात गेला आता. ते माझ्या कानावर आलं आणि मला राग आला, तिचा नाही, कॅमेऱ्याचा. मी हिरव्या चिन्हावर ठेवून काढलेले दोन फोटो नीट आले होते. म्हणजे ह्यांनी लावलेल्या ए मध्येच काहीतरी बिघाड असणार. तेव्हाच मी चकती बघितली. प्लस दोनवर होती. मी ती शून्यावर आणली. चार दिवसांनी बघते तर पुन्हा दोनवर. मी म्हणलं, आवो, ही सारखी का फिरवता? म्हणाले, शून्यावर सगळं काळं दिसायलंय, काच खराब झाली असंल.

मी कॅमेरा पदराखाली घेऊन उमरग्याला दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारानं काच बघितली, भिंग बघितलं, उन्हात फोटो काढले, सावलीत काढले. यंत्र ठणठणीत आहे म्हणाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, पण एसटीत बसून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

अंगणात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. भर दुपार. मी दोन फोटो काढले, एक शून्यावर, एक त्यांच्या प्लस दोनवर. पहिल्यात मिरची मिरचीसारखी लाल. दुसऱ्यात भाजलेल्या पापडासारखं सगळं पांढुरकं, मिरची कुठली आणि फरशी कुठली ते कळेना. मास्तर बाजेवर बसले होते. त्यांच्या हातात कॅमेरा देऊन म्हणलं, ह्यातला कोणता चांगला ते सांगा. त्यांनी काच नाकाजवळ नेली. पांढऱ्या फोटोवर बोट ठेवलं.

"हा. ह्यात मिरच्या तरी दिसायल्यात," म्हणाले. "तो दुसरा दिवेलागणीला काढलास व्हय?"

बिघाड ह्यांच्या डोळ्यात होता, आणि चकती तेवढाच प्लस मागत होती जेवढा उजेड त्यांच्यातून कमी झाला होता. चुन्याच्या रानातही दोनच असेल. त्याच्या आधी एक असणार. कुणी बघितलं नाही. मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओढून सोलापूरला नेलं. जाताना ते गाडीत दिराशी फोनवर बोलत होते, पिकला वाटतं, आता काढूनच येतो. डोळ्याची डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची होती. तिनं बराच वेळ तपासलं. कसल्याशा यंत्रात डोकं ठेवायला लावलं, ठिपके दिसले की बटण दाबा म्हणाली. मी शेजारी उभी होते. ते बटण दाबतच नव्हते. मला वाटलं त्यांना सांगितलेलं समजलं नाही. मी म्हणलं, आवो, दाबा की. डॉक्टरीण म्हणाली, काकी, बोलू नका.

मग तिनं आम्हाला समोर बसवलं. मोतीबिंदू आहे, पण किरकोळ. खरा रोग काचबिंदू. डाव्या डोळ्यात काही उरलेलं नाही. उजव्यात अगदी समोरचं, बांगडीतून बघावं एवढंच, आणि तेही अंधूक. मी म्हणलं, आम्ही तर पिकायची वाट बघत होतो.

"काकी, हा पिकत नसतो," ती म्हणाली. "हा आतली नस खातो. गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं राखायचं, राहील तेवढं."

लवकर आला असता तर, असं ती पुढं काहीतरी म्हणत होती, मी ऐकलं नाही. मला त्या पारावरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात चुना भरावासा वाटत होता. पिकू द्या म्हणे! आंबा आहे का हा? पण आठवणीनं पिकला का म्हणून विचारायला मीच होते की. परतीच्या गाडीत मास्तर खिडकीकडं तोंड करून बसले. नळदुर्ग गेल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, बाहेर ऊस आहे का तूर. मी सांगितलं.

आता थेंब चालू आहेत. वेळ चुकवत नाही मी. डॉक्टरीण दर वेळी तपासते आणि पुढची तारीख देते.

परवा सकाळी मास्तरांनी कॅमेरा मागितला. म्हणाले, सगळ्या गावाचे फोटो काढले, तुझा एकटीचा कधी काढलाच न्हाय. उन्हात बस. मी म्हणलं, ह्या वयात काय फोटो, पण केस नीट केले, बरी साडी नेसले, अंगणात भिंतीला लावून खुर्ची ठेवली आणि बसले. खुर्चीच्या पाठीवर माझी निळी शाल होती. ते समोर आले, हात लांब करून अंदाज घेतला, चकती थेट तीनपर्यंत फिरवली, त्याच्यापुढं ती जातच नाही. काच तोंडाजवळ धरली. तेवढ्यात शेजारची शेळी मिरच्यांत तोंड घालायला लागली. मी उठून तिला हाकलायला गेले, त्यांना सांगायचं राहून गेलं.

वळून बघते तर ते तसेच उभे. कॅमेरा खुर्चीकडं धरलेला. तोंडावर हसू, कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं असं.

"हां, अशीच बस. हलू नको," म्हणाले, आणि बटण दाबलं.

मी शेळीच्या गळ्यातली दोरी धरून तिथंच थांबले. मला मोठ्यानं रडू येत होतं आणि आवाज काढायचा नव्हता. त्यांनी काच नाकाला लावून फोटो बघितला, बराच वेळ बघितला. मग माझ्याकडं म्हणून खुर्चीकडं वळून विचारलं, कसा आलाय.

मी पाय न वाजवता खुर्चीत जाऊन बसले, त्यांच्या हातातून कॅमेरा घेतला. काचेवर पांढरी भिंत होती आणि निळसर काहीतरी.

"चांगला आलाय," मी म्हणलं. "अजून एक काढा."