खिडकीकडे वळवलेली खुर्ची

चमेलीच्या चहाचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. लिनबाई तो चहा प्यायच्या. चीनमध्ये त्या शाळेत शिकवत. नव्वदच्या दशकात त्या इकडे सिंगापूरला, टॅम्पिनीसमध्ये आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये, मुलीकडे राहायला आल्या.

त्यांच्या वर्गात फळ्याच्या वर नेत्याची तसबीर असायची. तिला नमस्कार केल्याशिवाय धडा सुरू होत नसे. एक दिवस "इथे उजेड कमी आहे" म्हणत लिनबाईंनी मुलांची बाकं खिडकीकडे वळवली आणि तसबिरीकडे सगळ्यांची पाठ झाली. तेवढ्यावरून त्यांना त्याच शाळेचे संडास धुवायला लावले, त्याच मुलांदेखत, कित्येक वर्षं.

एका वर्षी त्या आमच्याकडे गणपतीला आल्या. जहाजावर इंजिनिअर असलेले माझे दीर सोफ्यावर रेलून मोदक खात होते. पाहुणीला बरं वाटावं म्हणून ते मुद्दाम इंग्रजीत म्हणाले, "काही म्हणा, तुमच्याकडे शिस्त होती. आमच्या लोकांनाही असाच दट्ट्या हवा."

लिनबाईंनी कप खाली ठेवला. उठून खुर्ची खिडकीकडे वळवली आणि दिरांकडे पाठ करून बसल्या.

"इथे उजेड बरा आहे," त्या म्हणाल्या.

"वय झालं बाईंचं," दीर मला मराठीत म्हणाले आणि त्यांनी आणखी एक मोदक घेतला.

तेव्हा मला लिनबाईंच्या शांतपणाचं कौतुक वाटलं होतं. आता नुसता संताप येतो. देश सोडून, समुद्र ओलांडून आलेल्या त्या बाईला माझ्या घरात, माझ्या गणपतीसमोरही पुन्हा खुर्ची फिरवावी लागली.